चित्र हलतंय

गोठ्याच्या आढ्यातून मालक बोलले तेव्हा पैलवानीण शेणाची पाटी उचलत होती.

"पैलवान, अरे आवाज येतोय का?"

पाटी हातातून सुटली नाही, एवढंच. गाई मात्र दावी ताणून मागे सरकल्या. पलीकडच्या तांबडीने तर मागचे पाय असे झाडले की नुकतंच लोटलेलं शेण पुन्हा गव्हाणीपर्यंत उडालं. कॅमेरा लावल्याला इतके दिवस झाले तरी जनावरांना त्या आवाजाची सवय होत नव्हती, आणि त्यात जनावरांची काही चूकही नव्हती. माणूस आधी दारातून येतो, त्याच्या चपला वाजतात, त्याचा वास येतो, मग तो बोलतो. पत्र्याखालून नुसतंच बोलणं यायला लागलं तर कुणीही बुजणारच. पैलवानीणही बुजायची. फक्त तिला दाव्याला बांधलेलं नव्हतं, म्हणून ते दिसत नव्हतं.

"येतोय मालक," ती वर बघून म्हणाली.

पूर्वी मालक दर आठवड्याला गाडी घेऊन यायचे. फाटकाशी भोंगा वाजवायचे. भोंगा वाजल्यापासून गोठ्यात पाय पडेपर्यंत माणसाला सावरायला वेळ मिळायचा. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, येणं थांबलं, आणि त्यांच्याऐवजी मुठीएवढा पांढरा कॅमेरा येऊन आढ्याच्या लाकडाला बसला. त्याच्या बुडाशी बारीकसा दिवा होता. निळा आणि स्थिर असला की मालकांना शहरात बसून सगळं दिसायचं. लाल होऊन मिचमिचला की दिसायचं नाही. पैलवानिणीने एवढं शिकून घेतलं होतं.

"चित्र आजही धूसर आहे," मालक म्हणाले. "गाय कुठली आणि भिंत कुठली कळेना. काचेवर काय साचवलंय? पुसत नाही का?"

"रोज पुसते हो मालक."

"मग नीट पूस."

तेवढ्यात पैलवान धारेची बादली घेऊन आतून आला. त्याला आवाज ऐकू गेला नव्हता की काय कोण जाणे, सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत निघाला. बादलीची कडी त्याच्या उजव्या हातात होती आणि कडी बादलीवर बारीक टकटकत होती. दूध काठाशी हिंदकळून त्याच्या पायावर सांडत होतं.

"हे बघ, पुन्हा तेच," मालक म्हणाले. "पैलवान, तू चाललास की सगळं चित्र थरथरतं. अडकत अडकत पुढे जातं. काय भानगड आहे ही?"

पैलवान जागच्या जागी उभा राहिला. त्याने बादली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मांडीमागे नेला.

"नेट असेल मालक," पैलवान म्हणाला. "आमच्याकडे नेटची बोंबच आहे."

"नेटच असणार," मालक म्हणाले, आणि आढं गप्प झालं.

गाई पुन्हा पुढे सरकल्या. नवरा-बायको एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागले. खोटं बोलून झाल्यावर माणसं जशी कामाला लागतात, तशी जरा जास्तच घाईने.

दुपारी तिने तिपाईवर चढून कॅमेरा पुसला. खांद्यावर तिचं एक फडकं कायम असायचं. धार काढताना कास पुसायला, हात पुसायला, घाम पुसायला, सगळ्याला तेच. काचेवर तोंडाची वाफ सोडून तिने ती गोल गोल घासली. मालक ओरडले की ती एकदा पुसायची, भीती वाटली की दोनदा. आणि आताशा भीती वाटत नव्हती असा दिवस उजाडतच नव्हता. संध्याकाळी मालकांचा निरोप आला तो असा, की चित्र सकाळपेक्षा वाईट झालं आहे.

तिने पुन्हा तिपाई ओढली.

पैलवान हे त्याचं खरं नाव नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पाण्याच्या पाटात अडकलेलं वासरू त्याने खांद्यावर टाकून गोठ्यापर्यंत आणलं होतं, तेव्हापासून तो सगळ्यांचा पैलवान झाला आणि ती कुणाला काही न विचारता पैलवानीण झाली. आता त्या पैलवानाचा उजवा हात स्वस्थ बसत नव्हता. मांडीवर ठेवला तरी अंगठा बोटांवर घासत राहायचा. झोपेतच काय तो थांबायचा. बाजारातले डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू ठेवा, हे वाढत जाणार, चाकू-कोयता जपून, आणि मशीनच्या जवळही जाऊ नका.

मशीनच्या जवळ जाऊ नका म्हणे. गोठ्यातल्या माणसाने मशीनच्या जवळ जायचं नाही तर कुठे जायचं, देवळात? उन्हाळ्यात हिरवा चारा संपलेला, गाई वाळक्या धाटांवर आलेल्या. ती धाटं कुट्टी मशीनमधून बारीक करून घातल्याशिवाय एकही गाय तोंड लावत नव्हती. सकाळ-संध्याकाळ पेंढ्यांचा ढीग मशीनच्या तोंडात सारायचा. पुढे दोन दातेरी रूळ धाटं आत ओढतात, त्यामागे पाती फिरतात. रुळांना धाट आणि मनगट यांतला फरक कळत नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी त्या रुळांनी पैलवानाच्या सदऱ्याची बाही धरली होती. हात थरथरला, पेंढी निसटली, तिला धरायला तो पुढे झाला आणि बाही गेली. पैलवानीण जवळच होती म्हणून. तिने बटण दाबलं तोवर बाही कोपरापर्यंत आत गेली होती आणि त्याची बोटं रुळांना टेकली होती. मशीन थांबलं. तिनेच कात्रीने बाही कापून त्याला सोडवलं. कापताना तिचेही हात इतके कापत होते की क्षणभर दोघांत आजारी कोण ते सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून मशीन ती चालवत होती, आणि हे मालकांना कळायचं नव्हतं.

कळलं तर काय होतं, ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या आधी या गोठ्यावर जो गडी होता, तो कमरेतून गेला. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, औषधपाणी केलं आणि तिथूनच त्याच्या घरी पाठवलं. पैलवानाला कामावर घेताना ते एवढंच म्हणाले होते, "मला गोठ्यात काम करणारा माणूस पाहिजे. औषध घेणारा नको." गोठ्याला लागून असलेली खोली, दारातलं पाणी, घरापुरतं दूध, सगळं त्या कामाबरोबर आलेलं होतं. काम गेलं की खोली जाणार. जायचं तर लेकीकडे, आणि लेकीच्या एका खोलीत तिची सासू, नवरा, दोन पोरं आधीच दाटीवाटीने झोपत होती. पैलवानीण रोज सकाळी हे सगळं मनात एकदा मांडायची आणि मग उठायची.

कॅमेरा आला तेव्हा तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. पण पहिल्याच दिवशी एक नवल घडलं. पैलवानाने मशीनचं बटण दाबलं, मशीन घरघरलं, गोठ्यातला बल्ब पिवळा पडला आणि कॅमेऱ्याचा दिवा लाल होऊन मिचमिचू लागला. मशीन चालू असेपर्यंत तो लालच राहिला. बंद केल्यावर बऱ्याच वेळाने निळा झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्यातून त्यांची एक पद्धत बसून गेली. निळा दिवा असताना पैलवान पेंढी खांद्यावर घेऊन ऐटीत मशीनपाशी जायचा. धार पैलवानीण काढायची, पण आतल्या कोपऱ्यात, दोन गाईंच्या आडोशाला. बादली तोच उचलून आणायचा. मशीनचं बटण त्यानेच दाबायचं. दिवा लाल झाला की तो बाजूला व्हायचा आणि ती पुढे व्हायची. बोलायचं काही नाही. तो घमेल्यात कुट्टी भरायचा, ती धाटं सारायची. धुरळ्याने तिचं नाक चोंदायचं, मानेवर कुसळं टोचायची, तरी दिवसातला तेवढाच वेळ तिला मोकळा श्वास घेता यायचा. मिचमिचणाऱ्या त्या लाल दिव्यावर तिचा जीव जडला होता म्हटलं तरी चालेल. मशीन बंद झालं की पैलवान पुन्हा मशीनपाशी येऊन उभा राहायचा आणि कपाळावरचा नसलेला घाम पुसत निळा दिवा लागायची वाट बघायचा.

पण मालकही काही दूधखुळे नव्हते. ऑपरेशननंतर दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला बघायला दुसरं काय होतं?

उन्हाळा तापत गेला. दुपारच्या वाऱ्याने माती उडायची आणि पत्र्याखाली तरंगत राहायची. एका दुपारी पैलवानीण खोलीत पाणी प्यायला आली तर पैलवान कुठे दिसेना. ती गोठ्याच्या मागच्या बाजूला गेली. वीज गेली होती, कॅमेऱ्याचा दिवाही विझलेला होता, आणि तो बंद मशीनसमोर उभा होता. पेंढीतलं एकेक धाट घेऊन तो मशीनच्या बंद तोंडात सारत होता. उजवा हात थरथरला की डाव्या हाताने त्याचं मनगट दाबून धरायचा. धाट तोंडाच्या कडेला आपटायचं, खाली पडायचं. वाकून ते उचलायचा, पुन्हा सारायचा. शाळेतल्या पोराने अक्षर गिरवावं तसं त्याचं चाललं होतं.

ती उभी राहिली. त्याला हाक मारावी की मागे फिरावं, कळेना. तेवढ्यात त्यानेच बघितलं.

"होतंय गं," तो म्हणाला. "दाबून धरलं की होतंय."

"हो," ती म्हणाली. "दिसतंय मला."

"कधी वेळ आलीच तर म्हणून."

"कशाला येईल?"

तिने पडलेली धाटं गोळा करून पेंढीत खोचली. तिला रडू येत होतं आणि त्याच्या देखत रडायचं नव्हतं, म्हणून ती धाटं नीट लावण्यातच गुंतून राहिली.

वेळ दुसऱ्याच दिवशी आली. मालक या वेळी आढ्यातून बोलले नाहीत, त्यांनी पैलवानाच्या मोबाईलवर फोन केला. फोन तिने घेतला.

"पैलवानीण, एक विचारतो, खरं सांग. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला कॅमेरा बंद कसा पडतो? धार झाली रे झाली की बंद. पुन्हा लागतो तेव्हा सगळं आवरलेलं. आणि इकडे दूध कमी भरतंय."

"मालक, उन्हाळा आहे. गाई आटल्यात."

"मला उन्हाळा शिकवू नकोस. काच पूस म्हटलं की धूसर होते. पैलवान समोर आला की चित्र हलतं. आणि नेमक्या वेळी सगळंच बंद. हे आपोआप होतं?"

दुधाच्या थेंबालाही त्यांनी कधी हात लावला नव्हता. जे लपवत होते ते वेगळंच होतं, आणि मालक संशय घेत होते तो भलत्याच गोष्टीचा. एक सांगावं तर दुसरं उघडं पडत होतं.

"आमच्या पोरीची शपथ मालक. थेंबभर दूध..."

"शपथा नको. उद्या कॅमेरेवाला पाठवतोय. तो सगळं तपासेल. बिघाड निघाला तर ठीक. नाही निघाला, तर दोघांनी आपला बंदोबस्त करा."

फोन ठेवल्यावर तिने पैलवानाला अर्धंच सांगितलं. कॅमेरेवाला येतोय एवढं. बंदोबस्ताचं सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, पण जेवताना त्याचा हात रोजच्यापेक्षा जास्त हलत होता. शेवटी त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "बिघाड निघू दे म्हणजे झालं."

"आणि दुरुस्त झाला तर?" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

कॅमेरेवाला सकाळी फटफटीवर आला. पोट सुटलेला, बोलका माणूस. कमरेला पक्कडी-पेचकसांचा पट्टा आणि वर सतत काहीतरी विनोद. "कॅमेरा आजारी आहे म्हणे? जीभ बघू," असं म्हणत त्याने आढ्याकडे बघितलं. पैलवान कसंनुसं हसला. पैलवानिणीला हसूही फुटेना.

"शिडी आहे ना? धरा जरा पैलवान."

पैलवानाने शिडी धरली. कॅमेरेवाला वर चढला आणि मध्येच थांबला.

"अहो, शिडी हलतेय."

"जमीन वरखाली आहे भाऊ," पैलवानीण घाईने पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी आवळून धरली. पैलवान बाजूला झाला. त्याने हात खिशात घातला. खिसा आतून हलत राहिला.

कॅमेरेवाल्याने काचेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मोठ्याने हसला. "वहिनी, हे काय फासलंय? तेल की तूप?"

"काही नाही हो. रोज पुसते मी."

"कशाने?"

तिने खांद्यावरचं फडकं दाखवलं. तो खाली उतरला, फडक्याचा वास घेतला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. गाईंच्या सडांना चिरा पडू नयेत म्हणून धारेनंतर जे मलम लावतात, त्याने ते फडकं माखलेलं होतं. धारेनंतर रोज ती याच फडक्याला हात पुसायची.

"म्हणजे तुम्ही रोज काचेला मलम चोळताय. त्यावर हा धुरळा बसतो. तुम्ही जेवढं पुसाल तेवढं धूसर होणार, वहिनी!"

पैलवानिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीतीपोटी एवढं घासलं आणि त्या भीतीनेच सगळं बिघडवलं होतं. कॅमेरेवाल्याने पिशवीतून एक मऊ कोरडं कापड काढलं, बाटलीतला फवारा मारून काच पुसली आणि मोबाईलवर बघून जिभेने टॉक् केलं.

"बघा. तांबडीच्या पापण्या मोजून घ्या."

लगेच आढ्यातून मालकांचा आवाज आला. "वा! वा! आता कसं दिसतंय! गव्हाणीतलं धाट न् धाट दिसतंय. काय होतं रे?"

"काचेवर मलम होतं मालक. वहिनींच्या फडक्याचं. मुद्दाम नव्हे, बिचाऱ्या साफच करत होत्या."

मालक हसले. पैलवानिणीला जरा बरं वाटलं, पण जराच. खाली पैलवान उभा होता आणि आता तो सदऱ्याच्या बटणांसकट दिसत होता.

मग कॅमेरेवाल्याने वायर धरली. आढ्यावरून, भिंतीवरून, कुट्टी मशीनच्या बोर्डापर्यंत तो तिच्यामागे गेला. मालकांच्या बंद खोलीतला नेटचा डबाही त्याच बोर्डावरून जोडलेला होता. त्याने मशीनचं बटण क्षणभर दाबलं. बल्ब पिवळा पडला, दिवा लाल झाला. त्याने बटण बंद केलं.

"सापडलं. मशीन सगळी वीज खातंय. मग नेटचा डबा बंद पडतो, पुन्हा चालू व्हायला वेळ लावतो. यात कुणाचीच लबाडी नाही मालक. वायर चुकीच्या ठिकाणी जोडलीय. आमच्याच माणसाने."

"बरं झालं सांगितलंस," मालक म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच उतरला होता. "पैलवान, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. मनात ठेवू नका रे."

पैलवानाचे डोळे भरून आले. डोक्यावरचा दूधचोरीचा आळ गेला होता. पैलवानीण मात्र कॅमेरेवाल्याच्या हातांकडे बघत होती. त्याने मीटरपासून वेगळी वायर ओढली, नेटचा डबा आणि कॅमेरा दोन्ही त्यावर घेतले, चिकटपट्टी गुंडाळली. तिचा लाल दिवा तो कायमचा घालवत होता, आणि तिला त्याच्यासाठी पाण्याचा तांब्याही नेऊन द्यावा लागत होता.

"आता एकच राहिलं," मालक म्हणाले. "ते चित्र थरथरतं, ते. अजूनही थरथरतंय. आत्ता बघ, पैलवानाचा हात बघ."

कॅमेरेवाल्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बघितलं. मग मान वळवून खरा पैलवान बघितला. पुन्हा मोबाईल. गाईची शेपटी सरळ हलत होती, खांब जागच्या जागी होता, खुंटीवरची दोरी गप्प लोंबत होती. त्याला शिडी आठवली असावी. त्याच्या चेहऱ्यावरचा विनोद हळूहळू उतरला. पैलवानिणीने त्याच्याकडे बघून हात जोडले नाहीत, पण बघितलं तसंच.

"नेटच आहे मालक," तो खाकरून म्हणाला. "इकडे जरा स्लो आहे. होईल हळूहळू ठीक."

"मग एक काम कर. मशीन चालवून बघ. दिवा टिकतो का ते माझ्यासमोरच होऊ दे. चांगल्या दोन-चार पेंढ्या होईतो चालव. पैलवान, लाव रे मशीन."

पैलवानीण मशीनकडे निघाली.

"मी लावते मालक," पैलवानीण म्हणाली.

"तू कशाला? बाईमाणसाने त्या मशीनपाशी जायचं नाही, मी आधीच सांगून ठेवलंय. पैलवान काय मेला का?"

पैलवान पुढे झाला. त्याने पेंढी उचलली. तिच्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "दाबून धरतो. होतं." त्याच्या बाह्या त्याने दंडापर्यंत दुमडल्या होत्या. म्हणजे या वेळी बाही जाणार नव्हती.

त्याने बटण दाबलं. मशीन घरघरलं. बल्ब पिवळा पडला, आणि सगळ्यांनी वर बघितलं. दिवा निळा होता. मिचमिचला नाही, लाल झाला नाही. निळाच.

"टिकला!" मालक ओरडले. "चालू दे."

पैलवानाने पेंढी मशीनच्या तोंडाशी टेकवली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पहिली धाटं गेली. रुळांनी ती कडाकडा ओढली. दुसरी मूठ घेताना त्याला मनगट सोडावं लागलं, आणि सोडलं तसा हात उडायला लागला. धाटं तिरपी झाली, तोंडाच्या कडेला अडली. तो ती आत रेटायला वाकला. परक्या माणसासमोर, मालकांसमोर, एकदा तरी नीट जावीत म्हणून तो जोर लावत होता. पैलवानिणीला त्याची बोटं दिसत होती आणि बोटांपुढचे रूळ दिसत होते. तिला खोली दिसली, लेकीचं घर दिसलं, डोक्यावर गाठोडं घेतलेली ती दोघं दिसली. कॅमेरेवाला "अहो, अहो" म्हणत एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

तिने धावत जाऊन बटणावर हात मारला.

मशीन गुरगुरत थांबलं. पैलवानाची बोटं रुळांपासून चिमूटभर अंतरावर होती. तो तसाच वाकून राहिला.

"बंद कुणी केलं?" आढ्यातून आवाज आला. "दिवा तर टिकला होता. काय झालं?"

पैलवानिणीने नवऱ्याचा उजवा हात धरला. तो मागे ओढायला लागला. "अगं, नको," तो म्हणाला. "नको ना." तिने सोडला नाही. ती त्याला कॅमेऱ्याखाली घेऊन आली आणि तो हात वर, निळ्या दिव्यासमोर धरून तिने आपली बोटं सोडून दिली. एकटा हात हवेत थरथरत राहिला.

"चित्र हलत नाही मालक," ती म्हणाली. "हात हलतो. पार थंडीपासून हलतोय. डॉक्टर म्हणाले थांबणार नाही. मशीन तेव्हापासून मी चालवते. धारही मीच काढते, गाईंच्या आडोशाला. मशीन चालू असताना दिवा लाल असायचा म्हणून तुम्हाला दिसलं नाही. लबाडी केली ती एवढीच. दुधाची नाही केली."

पैलवानाने मान खाली घातली होती, पण हात खाली घेतला नव्हता.

आढ्यातून काहीच आलं नाही.

"मालक?" कॅमेरेवाला म्हणाला. "आवाज येतोय का?"

काही नाही. त्याने मोबाईल बघितला, वर दिव्याकडे बघितलं. पैलवानीणही बघत होती. तिला मनापासून वाटलं की नेट गेलेलं असू दे. आपण बोललो ते अर्ध्यातच तुटलेलं असू दे. पण दिवा निळा होता आणि अगदी स्थिर होता. नेट भरपूर होतं. पलीकडे माणूस होता, बघत होता, आणि गप्प होता.

किती वेळ तशी उभी राहणार? गाई गव्हाणीत तोंड घालून रिकामी गव्हाण चाटायला लागल्या होत्या. तांबडी हंबरली. त्यांना काम गेलं की राहिलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पैलवानिणीने नवऱ्याचा हात धरून खाली घेतला आणि त्याला पेंढ्यांच्या ढिगावर बसवलं. मग ती मशीनपाशी गेली. बटण दाबलं. पेंढी उचलली. हात आपलं काम ओळखत होते. मूठ वळायची, टेकवायची, सोडून द्यायची, रुळांच्या पुढे कधी जायचं नाही. धुरळा उडाला. उद्या या वेळी आपण इथे असू की नसू ते तिला ठाऊक नव्हतं. आज गाईंना खायला लागणार होतं.

मशीनच्या घरघरीत आढ्यातून काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. तिला शब्द कळले नाहीत. पैलवान ढिगावरून अर्धा उठला. पुन्हा आवाज आला, या वेळी मोठा. तिने बटण बंद केलं. पाती फिरत फिरत थांबली.

"काय म्हणालात मालक?"

मग ते बोलले. खुर्चीतून पुढे वाकून बोलावं तसा आवाज होता, घोगरा.

"खांद्यावरचं ते फडकं काढ म्हटलं आधी. लोंबतंय. मशीन ओढून घेईल."

तिने खांद्याला हात लावला. फडकं खरंच सुटून मशीनच्या तोंडाकडे लोंबत होतं. तिने ते काढलं आणि पैलवानाच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं. उद्याचं मालकांनी काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिने पुन्हा मशीन चालू केलं.